आठ फिकट अंडी

फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बेळगावकडच्या जांबोटी रस्त्यावरून गोव्याकडे परतणाऱ्या गाड्या एकामागोमाग चालल्या होत्या. आमचं घर रस्त्याला लागूनच. कट्ट्याच्या खांबाला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आहे, त्यावर माझ्या लेकाच्या अक्षरात लिहिलंय, ‘गावठी अंडी मिळतील’. एक गाडी थांबली. माझ्याच वयाची एक बाई उतरली, तिच्या मागून आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी तीस अंड्यांचा ट्रे बाहेर आणला आणि तूस भरलेला डबा पुढे केला. बाईंनी एकेक अंडं उचललं, उन्हात धरलं, फिरवून बघितलं आणि तुसात अलगद ठेवलं. मुलगी शेजारी उकिडवी बसून मोजत होती. बावीस झाली. ट्रेमध्ये आठ उरली. फिकट, जवळजवळ पांढरी, उन्हात जेमतेम गुलाबी वाटणारी. “ही नकोत. ही फार्मची मिसळलीत तुम्ही,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तांदळातले खडे बाजूला काढावेत इतक्या सहज त्या बोलल्या. सासूबाई तिथंच मसूर निवडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा हात सुपातच थांबला. “ओ बाई, ती आमच्या काळीची हाईत.” बाई हसल्या. “काळ्या कोंबडीचं पांढरं अंडं?” पंधरा रुपयांप्रमाणे बावीस अंड्यांचे 330 रुपये माझ्या हातावर ठेवून त्या गेल्या.

आत्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

त्यांना लागलं ते वेगळं होतं आणि मला टोचत राहिलं ते वेगळं. आत्यांना वाटलं, आपल्या अंगणात येऊन कुणीतरी आपल्याला लबाड म्हणून गेलं. आणि मला छळत होतं ते असं, की बाईंनी जी बावीस अंडी ‘अस्सल गावठी’ म्हणून निवडून नेली ती सगळी गिरिराज या सुधारित जातीच्या कोंबड्यांची होती. दीड वर्षापूर्वी मोपेडच्या मागं जाळीचे क्रेट बांधून आलेल्या पिल्लंवाल्याकडून मीच ती घेतली होती. आमच्या घरात गावठी म्हणावी अशी एकच कोंबडी उरलीय, ती काळी. तिचीच आठ अंडी मागं राहिली होती. मी हे तिथल्या तिथं सांगू शकले असते. सांगितलं नाही. पैसे मोजून घेतले, पदराला बांधले आणि ट्रे आत नेऊन ठेवला. रात्री भाकऱ्या थापताना, दुसऱ्या दिवशी खुराडं झाडताना, मला त्या बाईंची बोटं दिसत राहिली. अंडं उन्हात धरून फिरवणारी.

आमच्या या पट्ट्यात एका अंड्याला तीन नावं आहेत. आम्ही अंडं म्हणतो. शेजारची अक्का बैलहोंगलकडची, लग्न होऊन इकडं आली, ती कानडीत तत्ती म्हणते. घाट उतरून गोव्यात गेलं की कोकणीत तांतीं. गावठी कोंबडीला अक्का जवारी म्हणते, आणि तो शब्द आता आमच्याही तोंडात बसलाय. जवारी मिरची, जवारी काकडी, जवारी कोंबडी. नावं तीन असली तरी रंगाबद्दलचा समज तिन्हीकडं एकच आहे. पांढरं ते इंग्लिश, तांबूस ते जवारी. हा समज कुठून आला असेल ते समजायला फार लांब जावं लागत नाही. दुकानातल्या ट्रेमध्ये पांढरीशुभ्र, एकसारखी, मापात ओतल्यासारखी अंडी असतात. आता सरकारी शाळेत दुपारच्या जेवणात उकडलेलं अंडं मिळतं, तेही पांढरंच. ती व्हाइट लेगहॉर्नच्या वंशातल्या कोंबड्यांची. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून त्या जातीचं नाव पडलं; वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी, हलक्या अंगाची, लांबोळक्या तुऱ्याची कोंबडी. लोकांनी पिंजऱ्यातली म्हणून जी अंडी बघितली ती पांढरी होती, म्हणून अंगणातलं अंडं पांढरं नसणार असं त्यांनी धरून टाकलं. आमची गावठी कोंबडी मात्र रंगाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. एकीचं अंडं सायीच्या रंगाचं, दुसरीचं फिकट बदामी, तिसरीचं चहात जास्त दूध पडल्यासारखं. एकाच घरात, एकाच उकिरड्यावर उकरणाऱ्या बहिणी-बहिणींचं वेगवेगळं.

माझं माहेर येळ्ळूरचं, राजहंसगडाच्या पायथ्याशी. माझी आज्जी रोज सकाळी खुराड्याचं दार उघडायची ती पूर्ण नाही, एक कोंबडी बाहेर येईल एवढंच. प्रत्येकीला दारातच धरायची, पोटाखाली बोटं घालून चाचपायची आणि मग सोडायची. “ही आज घालणार, ही उद्या.” जी घालणार तिच्यावर दिवसभर लक्ष. कारण कोंबडीला चोरून अंडी घालायची खोड लागली की ती पिंजराच्या गंजीत, लाकडांच्या ढिगात, शेजारच्या गोठ्यात कुठंही जाते. एकदा आमची कोंबडी शेजारच्यांच्या गोठ्यात घालत होती आणि त्यांचीही तिथंच. दोन्ही घरांत कुरबुर सुरू झाली. आज्जीनं टोपली मागवली, अंडी जमिनीवर मांडली आणि न बोलता दोन वाटण्या केल्या. शेजारच्या काकूंनी बघितलं, मान हलवली आणि आपली वाटणी उचलून घेऊन गेल्या. दोघींनाही आपापल्या कोंबडीचं अंडं ओळखू येत होतं. रंग ही त्यातली एक खूण होती. आकार, टोक किती निमुळतं, कवच किती खरबरीत, एखादीच्या अंड्यावर नेहमी येणारे ठिपके, सगळं मिळून ती ओळख व्हायची. अक्षरावरून पत्र कुणाचं ते कळावं तशी. ‘गावठी’ हा शब्द आज्जीच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. तिच्यासाठी ते बोड्कीचं अंडं होतं, नाहीतर लंगडीचं, नाहीतर चितरीचं.

काळीचं घराणं आत्यांच्या माहेरचं, कुद्रेमानीचं. 1979 साली पहिल्या बाळंतपणाहून परत येताना आत्यांच्या आईनं डालग्यात दोन तलंगा, म्हणजे अंड्याला येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, घालून दिल्या. बाळंतिणीला रोज एक अंडं मिळावं म्हणून. बैलगाडीतून त्या घरी आल्या आणि आठवडाभर एका पायाला दोरी बांधून ठेवल्या, नवं घर ओळखीचं होईपर्यंत. त्यांच्या लेकी, नाती, पणत्या या अंगणात वाढल्या. त्या सगळ्यांचं अंडं असंच, फिकट. आत्या सांगतात, माहेरी त्यांच्या आईच्या टोपलीतही असंच होतं. म्हणून ती आठ अंडी परत आली तेव्हा त्यांना फक्त आठ अंडी परत आल्याचं दुःख झालं नाही, हे मला जरा उशिरानं उमगलं.

त्या घराण्यातली एकच का उरली, तेही सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गावात मानमोडी आली. आधी दोन कोंबड्या पेंगायला लागल्या, हिरवट हगवण लागली, मग एकीची मान पिळवटून पाठीवर गेली. ती तशीच गोल गोल फिरत राहायची, दाणा टिपायला चोच खाली न्यायची आणि चोच भलतीकडेच पडायची. पाच दिवसांत तेवीसपैकी एकोणीस गेल्या. आत्यांनी त्या परसात खड्डा काढून पुरल्या, वर चुना टाकला. लस आमच्याकडून राहून गेली होती. या लशीचं लहान घरांना एक मोठं अवघड आहे. बाटली फोडली की शंभरेक कोंबड्यांना पुरेल इतकं औषध निघतं आणि ते तास-दोन तासांत संपवावं लागतं. शिवाय बर्फातून आणायचं. ज्याच्याकडे बारा कोंबड्या त्यानं काय करायचं? त्या वर्षापासून आमच्या गल्लीतली आठ घरं एकत्र येतात. थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणायची, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की बॅटरीच्या उजेडात एकीनं धरायची, दुसरीनं थेंब सोडायचा, पिल्लं असतील तर डोळ्यात. हे आम्हाला आधी सुचलं असतं तर, असं अजून वाटतं.

वाचलेल्या चारांत काळीची आई होती. आणखी एक तांबूस अंडं देणारी होती. आजारातून उठल्यावर तिनं पुन्हा घालायला सुरुवात केली तेव्हा अंड्याचा रंग उडालेला होता. कवच पातळ, एखादं सुरकुतलेलं. आत्या ते हातात घेऊन म्हणाल्या, “हिचं रगत अजून भरलं न्हाई.” तेव्हा मला ते बोलणं जुन्या माणसांचं म्हणून वाटलं. नंतर वाचनात आलं, की अंड्याचा तांबूस रंग म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य, आणि रक्ताला लाल करणारं जे द्रव्य शरीरात तयार होतं त्याच्याच वाटेवर हे आधीचं ठिकाण आहे. कोंबडी आजारली, घाबरली, कुत्र्यानं पाठलाग केला, की तो रंग नीट चढत नाही. आत्यांनी रक्ताचं नाव उगाच घेतलं नव्हतं.

हा रंग चढतो कसा, तेही मी एकदा अगदी हातात बघितलं. एक गिरिराज टोपलीतून उठली आणि ओरडत बाहेर गेली. मी लगेच अंडं उचललं. गरम होतं आणि वर पातळ ओल होती, डोळ्यांदेखत वाळत जाणारी. माझा अंगठा त्यावर फिरला आणि अंगठ्याला तांबूस डाग पडला. अंड्यावर तेवढ्या जागी फिकट पट्टा राहिला. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसेक तास तर कवच चढण्यातच जातात, आणि रंग बहुतेक सगळा शेवटच्या काही तासांत, घर बांधून झाल्यावर भिंतीला हात मारावा तसा. म्हणून तांबूस अंडं फोडलं की कवच आतून पांढरंच असतं. मी कवचं वाळवून, चुरून परत कोंबड्यांनाच घालते, तेव्हा रोज बघते. गिरिराजचं कवच आणि काळीचं कवच उलटं टाकलं की कोणतं कुणाचं ते सांगता येत नाही. निळ्या अंड्यांचं मात्र तसं नाही. माझ्या लेकानं मोबाइलवर चिलीमधल्या अरौकाना कोंबडीचं आकाशी अंडं दाखवलं होतं, तो रंग पित्तातल्या द्रव्याचा आणि कवचात आरपार मुरलेला. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा त्या कोंबड्यांच्या जनुकांत घुसून बसला आणि त्यातून तो रंग आला, हे 2013 मध्ये शोधून काढलं गेलं. लेकाला ते ऐकून फार आनंद झाला. तेव्हापासून तो मानमोडीच्या विषाणूलाही विचारतो, तू काय दिलंस?

बाईंनी नको म्हटलेल्या आठ अंड्यांतलं एक मी त्याच रात्री लेकासाठी फोडलं, पोळी करायला. शेजारच्या वाटीत गिरिराजचं. दोन्ही बलक गर्द केशरी, टचटचीत उभे राहिलेले. बलकाचा रंग हा कोंबडीनं खाल्लेल्या गवताचा, पाल्याचा, मक्याचा. दोघी एकाच बांधावर चरतात, एकाच मळणीच्या खळ्यावर सांडलेलं भात टिपतात, मसुरीच्या रानातले किडे खातात. मग मी त्या बाईंना फसवलं का? मला अजून नीट ठरवता येत नाही. मोकळं फिरलेल्या कोंबडीचं अंडं त्यांना हवं होतं, ते त्यांना मिळालं. पण पाटीवरचा शब्द त्यांनी वाचला होता आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी फार्मच्या अंड्याच्या दुप्पट दर दिला होता.

त्यांच्या संशयालाही आधार आहे, हे मी नाकारत नाही. बेळगावात एकदा पाहुण्यांकडे जाताना मी वाटेत सहा अंडी घेतली, गावठी म्हणून. तांबूस होती, पण सगळी एका मापाची. तिथं पोचून धुवायला पाण्यात घातली तर पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि अंडी पांढरी. विकणारा गरीब माणूस होता. त्याला शिव्या देऊन काय होणार होतं? पण त्या भांड्यातलं गढूळ पाणी मी विसरले नाही. लोकांना रंगच हवा असेल तर कुणीतरी रंगच विकणार.

आमच्या गल्लीत कोणती कोंबडी चांगली यावर रोज वाद होतो, आणि तो मला आवडतो. अक्काला बारकी, चपळ जवारीच हवी. तिची कोंबडी रात्री खुराड्यात जातच नाही, फणसावर चढून झोपते, आणि घार वरून फिरताना दिसली की पिल्लांना एका हाकेत काट्याच्या कुंपणाखाली घेते. पलीकडच्या घरचा मुलगा ऱ्होड आयलंड रेड पाळतो, गडद तांबड्या, भरपूर आणि मोठी तांबूस अंडी देणाऱ्या. त्याला महिन्याचा हिशोब लागतो आणि तो वहीत तसा लिहितोही. एका घरी उघड्या मानेच्या आहेत. बघणारा नाक मुरडतो, पण मानेवर पिसं नसल्यामुळे उन्हाळा त्यांना बाधत नाही आणि सोलायला सोप्या, असं घरच्या मावशी सांगतात. कोपऱ्यावरच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या काकांनी कडकनाथ आणल्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची ती जात, 2018 मध्ये तिथल्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सगळीकडे नाव झालं. काकांकडे लोक येतात आणि काळं अंडं मागतात. काका एकेकाला आत नेऊन टोपली दाखवतात. मांस काळं, कातडी काळी, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं सायीच्या रंगाचं, आमच्या काळीपेक्षा किंचित गडद. निम्मे लोक तसेच परत जातात.

गिरिराजवर मी टीका करणार नाही. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात ही जात तयार झाली ती आमच्यासारख्यांच्या परसासाठीच, आणि मानमोडीनं घर रिकामं झालं तेव्हा तिनंच आम्हाला उभं केलं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देईल, तीही चाळीसेक ग्रॅमची. गिरिराज त्याच्या दुपटीहून जास्त देते आणि अंडं हाताला भरतं. पण तिचं अंग जड. कुत्रं धावून आलं की तिला उडता येत नाही, दोन अशाच गेल्या. आणि ती खुडूक सहसा होत नाही, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसत नाही. तिच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापासारखी भरतही नाहीत. म्हणजे दर दोन वर्षांनी पुन्हा पिल्लंवाल्याची वाट बघायची. काळी बारा-तेरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंग फुगवून बसते, हात पुढं केला तर कर्रकन ओरडून चोच मारते. अंड्यांचे पैसे हवे असतील तर खुडूक मोडावी लागते. माझी आज्जी गार पाण्यात बुडवून काढायची, कुणी नाकपुड्यांतून पीस ओवतात. आत्यांनी काळीची खुडूक कधी मोडू दिली नाही. त्यांच्या लेखी ती बसते म्हणूनच कोंबडी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेली सात अंडी मागितली.

काळी दोन दिवस टोपलीत खुडूक बसलेलीच होती. आत्यांनी पाटीत राख पसरली, वर पिंजर, त्यात एका कडेला लोखंडाचा जुना खिळा आणि कोळशाचा तुकडा. ढग गडगडला तर अंडी बिघडू नयेत म्हणून. फेब्रुवारीत कुठला गडगडाट, पण मी काही बोलले नाही. रवणाला, म्हणजे उबवायला ठेवायच्या अंड्यांना, विषम आकडा हवा, सात होतीच. आणखी चार गिरिराजची घालून अकरा करूया का, मी विचारलं. “नको. जी परत आल्यात तीच घाल.” अंधार पडल्यावर काळीला उचलून वर बसवलं. तिनं पोटाखालची अंडी चोचीनं एकेक सरकवून जमवली, पंख खाली सोडले आणि डोळे मिटले. सातव्या रात्री आत्यांनी बॅटरीच्या उजेडावर अंडी धरून बघितली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर अंडं ठेवायचं, खालून उजेड. फिकट कवचातून आतलं फार छान दिसतं. मधोमध काळा ठिपका आणि त्याच्यातून चहूकडे फुटलेल्या तांबड्या रेघा, पिंपळाच्या वाळक्या पानावर उरतात तशा. सहांत होतं. एक रिकामं निघालं. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं बाहेर पडली.

त्याच आठवड्यात मी पाटी बदलली. दोन टोपल्या ठेवल्या. एकीवर लेकानं लिहिलं ‘गिरिराज, मोकळी फिरणारी, 12 रुपये’ आणि दुसरीवर ‘गावठी, रंग फिकटच असतो, 15 रुपये’. गाड्या थांबतात, लोक दोन्ही वाचतात आणि काळीची अंडी असतात तेव्हाही बहुतेक जण तांबूस घेतात. स्वस्तही आणि मनासारखंही.

एप्रिलमध्ये त्या बाई पुन्हा आल्या. मी ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नसावं. टोपल्यांवरचं वाचून त्या थांबल्या तेव्हा मी सांगून टाकलं. “मागच्या वेळी तुम्ही नेलीत ती सगळी गिरिराजची होती. जी ठेवलीत ती गावठी होती.” त्या बराच वेळ टोपलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतून आत्या बाहेर आल्या, मला वाटलं त्या आता बोलून घेतील. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी फिकट अंडी मागितली, पण काळी पिल्लांत होती, तिची अंडी नव्हतीच. गिरिराजची डझनभर घेऊन त्या निघाल्या. त्यांची मुलगी मात्र परसात गेली ती लवकर आलीच नाही. काळी उकिरडा उकरत होती, एखादा किडा सापडला की मऊ आवाजात टुकटुक करायची आणि पिल्लं धावत यायची. मुलीनं विचारलं, यातली पांढरी अंडी कोण देणार? आत्या म्हणाल्या, “ते आता तिच्या बापावर हाय.”

ते खरंच होतं. काळीच्या घराण्यातला कोंबडा मानमोडीत गेला, आता अंगणात आहे तो गिरिराजच. कोंबडा अंडं घालत नाही, पण त्याच्या आईच्या अंड्याचा रंग त्याच्या लेकीच्या अंड्यात उतरतो. कोंबडा जाणूनबुजून बदलायला हवा होता, अक्काकडून जवारी आणायला हवा होता, हे मला आता कळतंय. जत्रेला कोंबडा शोधताना लोक पिवळ्या पायांचा बघतात, वजन बघतात. वंश कुणी बघत नाही. त्या पिवळ्या पायांचीही गंमत आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण कातडीचा आणि पायांचा पिवळेपणा तिच्यात आला तो राखी रानकोंबड्याकडून, असं 2008 मध्ये सिद्ध झालं. हा राखी कोंबडा आमच्या कणकुंबी-भीमगडच्या जंगलातला, पहाटे घाटाच्या बाजूनं त्याचा तुटक, कर्कश आवाज येतो. आमच्या खुराड्यातला कोंबडा त्याला उत्तर देतो. कधीकाळचा तो नातेवाईक.

पाचातलं एक पिल्लू घारीनं नेलं. दोन कोंबडे निघाले. उरलेल्या दोन तलंगा, एक तांबडी, एक आईसारखी काळी, मानेवर सोनेरी छटा असलेली. कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगतात, पांढरी पाळी तर पांढरं अंडं, तांबडी तर तांबूस. हे नेहमीच खरं ठरत नाही, तरी मी दोघींच्या पाळ्या रोज बघत आले. तांबडीची पूर्ण तांबडी. काळ्या तलंगेची तांबडीच, पण मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आहे. आत्यांना दाखवला तर त्या म्हणाल्या, “असू दे. दिसलं तवा बघू.”

गणपती होऊन दहा दिवस झालेत. पाऊस ओसरलाय, भात पोटरीला आलंय, बांधांवर गवत गुडघ्याएवढं. गेले चार दिवस काळ्या तलंगेचा तुरा लालभडक झालाय आणि ती घरभर जागा शोधत फिरतेय; कणगीमागं, लेकाच्या दप्तरावर, चुलीजवळच्या लाकडांत. आज सकाळी आत्यांनी जुनी टोपली पिंजर घालून माजघराच्या कोपऱ्यात ठेवली. नऊच्या सुमाराला ती आत शिरली. दोनदा बाहेर आली, पुन्हा गेली. पिंजराची एकेक काडी चोचीनं उचलून पाठीवर टाकत बसलीय. उजेड नको म्हणून आत्यांनी दाराला गोणपाट लावलंय आणि उंबऱ्यावर बसून मसूर निवडतायत. मी भांडी घासायला घेतली तर त्यांनी हातानंच थांबवलं.